टनाटनाचा हिशेब: रासायनिक शस्त्रबंदीची तपासणी आणि महाराष्ट्र

युद्धात विषारी वायू वापरू नये असे देशांनी १८९९ मध्ये हेगला ठरवले आणि १९२५ मध्ये जिनिव्हाला पुन्हा ठरवले. दोन्ही वेळा बंदी कागदावर उतरली, पण ती पाळली जाते की नाही हे पाहायला कोणालाच नेमले नव्हते. हेगच्या घोषणेत गुदमरवणारा वायू पसरवणाऱ्या तोफगोळ्यांचा उल्लेख होता. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने गोळे डागलेच नाहीत. खंदकात मांडलेल्या सिलिंडरांच्या तोट्या उघडून क्लोरीन वाऱ्यावर सोडला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनने त्याच आघाडीवर हल्ला केला तेव्हा तिच्या अंगावरही वायू आला. सैनिकांजवळ मुखवटे नव्हते, तोंडावर ओले फडके धरण्यापलीकडे उपाय नव्हता. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या डिव्हिजनबरोबर पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्याही फ्रान्सला गेल्या होत्या.

जिनिव्हाच्या करारात वायूचा वापर निषिद्ध ठरला, साठा मात्र नाही. वायू बनवावा, कोठारात भरून ठेवावा, त्याचे प्रयोग करावेत, याला आडकाठी नव्हती. आमच्यावर कोणी वायू सोडला तर आम्हीही सोडू, अशी अट घालूनच अनेक देशांनी सही केली. १९३० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानही या करारात सामील झाला. आणि त्याच दशकात रावळपिंडीच्या लष्करी प्रयोगशाळेत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग सुरू केले. ते दहा वर्षांहून अधिक काळ चालले. मस्टर्ड हे नाव वायूचे असले तरी साध्या तापमानाला ते तेलकट द्रव असते. अंगावर पडल्यावर लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी भाजल्यासारखे मोठे फोड येतात, डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा होते. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीवर त्याचा परिणाम कमी होतो की जास्त, हे त्या शास्त्रज्ञांना पाहायचे होते. करार मोडल्याचा ठपका कोणी ठेवू शकले नसते, कारण करारात यासंबंधी काही नव्हतेच.

तपासणीची कल्पना प्रत्यक्षात उतरायला १९८० चे दशक उजाडावे लागले. इराण-इराक युद्धात इराणने तक्रार केल्यावर मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी चार तज्ज्ञांना तिकडे पाठवले. त्यांनी रुग्ण तपासले, न फुटलेला बाँब पाहिला, नमुने युरोपातल्या प्रयोगशाळांत नेले आणि मस्टर्ड व टॅबुन वापरले गेल्याचे सांगितले. कोणी वापरले, यावर पहिला अहवाल गप्प होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळ घडले. तिथे शस्त्र नव्हते, कीटकनाशकाचा कारखाना होता. पण त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट करण्यासाठी फॉस्जीन लागत असे, आणि फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात सर्वाधिक बळी घेणारा वायू. शस्त्राचा कच्चा माल आणि शेतकऱ्याच्या फवारणीचा कच्चा माल एकाच टाकीत असू शकतो, ही गोष्ट जिनिव्हात रासायनिक शस्त्रबंदीच्या नव्या कराराच्या वाटाघाटींना बसलेल्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

त्या वाटाघाटी बारा वर्षे चालल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते एरंडाचे गुऱ्हाळ वाटले असते, पण त्यातून १९९२ मध्ये जो मसुदा निघाला तो शस्त्रनियंत्रणाच्या इतिहासातला बहुधा सर्वांत बारकाईने लिहिलेला करार आहे. जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला तीन दिवसांत १३० देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात भारत होता. २९ एप्रिल १९९७ पासून करार लागू झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी हेगला रासायनिक शस्त्रास्त्र प्रतिबंधक संघटना (ओपीसीडब्ल्यू) उभी राहिली. आज १९३ देश तिचे सदस्य आहेत. इस्रायलने सही केली पण मान्यता दिली नाही. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी सहीच केलेली नाही.

करार लिहिणाऱ्यांपुढचा पेच मोठा होता. सगळ्या धोकादायक रसायनांवर बंदी घालावी तर रंग, औषधे, कीटकनाशके, प्लॅस्टिक हे सगळे उद्योग बंद पडतील. यादी करून तेवढ्यावरच बंदी घालावी तर यादीबाहेरचे नवे विष कोणीतरी शोधेल. त्यांनी तोडगा काढला तो हेतूचा. कोणतेही विषारी रसायन, ते कुठून आले आणि कसे बनले याचा विचार न करता, शस्त्र म्हणून वापरण्यासाठी असेल तर ते रासायनिक शस्त्र. उद्योग, शेती, वैद्यक, संशोधन यांसाठी असेल आणि प्रमाण त्या कामाला साजेसे असेल तर नाही. प्रमाण हा शब्द इथे कळीचा. शाईच्या कारखान्यात थायोडायग्लायकॉल, म्हणजे मस्टर्डचा कच्चा माल, असणे रास्त आहे. वर्षाला लागते त्याच्या पन्नासपट असेल तर कुठेतरी पाणी मुरते. हेतू माणसाच्या मनात असतो आणि निरीक्षकाला तो दिसत नाही. त्याला दिसतात टन. म्हणून संपूर्ण तपासणी टनांभोवती रचली गेली.

रसायनांच्या तीन अनुसूची झाल्या. पहिलीत सरीन, व्हीएक्स, मस्टर्ड अशी निव्वळ शस्त्रेच आहेत. दुसरीत त्यांच्या एक पाऊल मागची, पण उद्योगात थोडा उपयोग असलेली रसायने. तिसरीत फॉस्जीन, हायड्रोजन सायनाइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, ट्रायइथॅनॉलअमाइन अशी, ज्यांच्यावाचून मोठा रासायनिक उद्योग चालतच नाही. या तिन्हींच्या बाहेर राहिलेल्या, पण सेंद्रिय रसायने बनवणाऱ्या कारखान्यांचा चौथा मोठा गट आहे. तिसऱ्या अनुसूचीतले रसायन वर्षाला ३० टनांवर बनवले तर कारखान्याने ते जाहीर करायचे, २०० टनांवर गेले तर तिथे निरीक्षक येऊ शकतात. चौथ्या गटात साधी मर्यादा २०० टनांची, पण रेणूत फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असेल तर ती ३० टनांवर येते. कापसावर फवारल्या जाणाऱ्या अनेक जुन्या औषधांत फॉस्फरस असतोच.

हे नाते नुसते कागदावरचे नाही. सरीन आणि शेतातली ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे शरीरातल्या एकाच विकरावर, ॲसिटिलकोलिनएस्टरेजवर, घाला घालतात आणि दोघांवरचे उतारेही तेच: ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम. मराठवाड्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात कीटकनाशक प्यायलेला किंवा फवारताना बाधलेला रुग्ण आला की याच इंजेक्शनांची धावपळ होते. प्रॅलिडॉक्झिम किती आणि कसे द्यावे यावरचा एक बहुचर्चित अभ्यास बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलात २०० रुग्णांवर झाला आणि २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. औषध थांबूनथांबून देण्याऐवजी सलग ठेवल्यावर मृत्यूचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्याचे त्यात दिसले. सरीनसारख्या नर्व्ह एजंटांवर लिहिणारे तज्ज्ञही या बारामतीच्या आकड्यांचा विचार करतात.

भारताची स्वतःची बाजू मात्र सरळ नव्हती. १९ ऑगस्ट १९९२ ला दिल्लीत भारत आणि पाकिस्तानच्या परराष्ट्र सचिवांनी रासायनिक शस्त्रांवरील संपूर्ण बंदीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्याकडे अशी शस्त्रे नाहीत, अशीच तोवर भारताची जाहीर भूमिका होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण नवा करार मूठ उघडायला लावणारा होता. लागू झाल्यापासून तीस दिवसांत प्रत्येक देशाने काय आहे ते लिहून द्यायचे होते. जून १९९७ मध्ये भारताने सुमारे १,०४४ टन गंधकी मस्टर्डचा साठा जाहीर केला. इस्लामाबादहून पाच वर्षांपूर्वीच्या जाहीरनाम्याची आठवण करून देण्यात आली, आणि ती गैरवाजवी नव्हती. तरीही, खोटे पुढे रेटण्याचा मार्ग मोकळा असताना भारताने खरे लिहून दिले, हेही नोंदवायला हवे. त्या वेळी साठा कबूल करणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

कबुलीनंतर सुरू झाली ती मोजणी. करारात वेळापत्रक होते: तीन वर्षांत साठ्याचा १ टक्का, पाच वर्षांत २० टक्के, सात वर्षांत ४५ टक्के आणि दहा वर्षांत सगळा नष्ट करायचा. निरीक्षक आधी कोठारात जातात, जाहीर केलेली संख्या आणि प्रत्यक्ष पिंपे जुळतात का ते पाहतात, सील लावतात. साठा नष्ट करण्याच्या केंद्रावर मात्र त्यांचा मुक्कामच असतो. भट्टी किंवा रिॲक्टर चालू आहे तोवर निरीक्षकांची एक ना एक पाळी हजर असते. पिंप आत जाताना वजन, रिकामे पिंप बाहेर येताना वजन, मधे नमुना. हे काम वर्षानुवर्षे त्याच गतीने चालते आणि त्यात कसलेही नाट्य नसते. २००६ अखेरपर्यंत भारताने तीन चतुर्थांशाहून जास्त साठा संपवला, उरलेल्यासाठी एप्रिल २००९ पर्यंत मुदत वाढवून घेतली आणि ती पाळली. १४ मे २००९ ला संयुक्त राष्ट्रांना तसे कळवण्यात आले. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर आपला संपूर्ण साठा नष्ट करणारा भारत हा तिसरा देश. अमेरिकेला हेच काम संपवायला जुलै २०२३ उजाडले. केंटकीतल्या ब्लू ग्रास कोठारातले शेवटचे रॉकेट रिकामे झाले तेव्हा जगभरात जाहीर झालेले ७२ हजारांहून अधिक टन संपले.

साठा संपला तरी तपासणी संपत नाही. तिचा मुक्काम आता कारखान्यांत आहे, आणि भारतात याचा मोठा भार महाराष्ट्र आणि गुजरात वाहतात. १९६० साली रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढच्या तीन दशकांत ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ अशी रासायनिक वसाहतींची माळ तयार झाली. कराराच्या अंमलबजावणीसाठी दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवालयाच्या हाताखाली मे १९९७ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरण नेमले गेले. रासायनिक शस्त्रास्त्र कायदा २००० साली संमत झाला, पण लागू व्हायला १ जुलै २००५ उजाडला. मधल्या वर्षांत निरीक्षक येत होते आणि कारखाने त्यांना आत घेत होते ते कायद्याच्या धाकाने नव्हे, समजुतीने. ही समजूत घालण्याचे काम मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन केमिकल कौन्सिलने केले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये स्थापन झालेली ही उत्पादकांची संघटना. जाहीरनामे कसे भरायचे याचे वर्ग घेणे, मदतकेंद्रे चालवणे, टँकरच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारी व्यवस्था उभी करणे, असे तिचे काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला हेगचा ओपीसीडब्ल्यू पुरस्कार मिळाला. उद्योगांच्या संघटनेला तो मिळण्याची ही पहिली वेळ.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते तिसऱ्या अनुसूचीच्या एखाद्या कारखान्यात पाहावे. कारखान्यातले लोक तिला ‘शेड्यूल थ्री’ म्हणतात. निरीक्षक पोहोचण्याच्या किमान १२० तास आधी दिल्लीला सूचना येते, तिथून कारखान्याला फोन जातो. दुसऱ्या अनुसूचीसाठी हा अवधी ४८ तासांचा. निवड बरीचशी चिठ्ठी टाकल्यासारखी होते, त्यामुळे आपलाच नंबर का लागला या प्रश्नाला उत्तर नसते, तरी प्रत्येक व्यवस्थापक तो विचारतोच. दोन-चार जणांचे पथक विमानतळावर उतरते. त्यांच्या पेट्यांतली उपकरणे मंजूर यादीतलीच आहेत ना, हे भारतीय अधिकारी तपासून पाहतात. म्हणजे पहिली तपासणी तपासनिसांचीच होते. त्यांच्यासोबत प्राधिकरणाचे अधिकारी कायम असतात.

कारखान्यात आल्यावर व्यवस्थापनाने तीन तासांच्या आत माहिती द्यायची: काय बनते, कुठे बनते, नकाशा, सुरक्षेचे नियम. मग हेल्मेट-गॉगल घालून फेरी. निरीक्षक रिॲक्टर पाहतात. काच-अस्तराचे रिॲक्टर महाराष्ट्रात जागोजागी आहेत, त्यात काही वावगे नाही. पण साध्या रंगाच्या मध्यस्थ रसायनासाठी कोणी हवाबंद खोली, दुहेरी भिंतींचे पाइप आणि प्रथमोपचाराच्या कपाटात ॲट्रोपिनचा मोठा साठा ठेवला असेल, तर निरीक्षक थांबून विचारणार. आपण जे बनवतो म्हणून सांगितले त्याला एवढी काळजी कशाला, हा त्यांचा मूळ प्रश्न. उलट, सगळे उघडे, गळके आणि नेहमीच्या वासाचे असेल तर त्यांना दिलासाच वाटतो.

फेरीपेक्षा जास्त वेळ कागदांत जातो. कच्च्या मालाची आवक, गेटपास, वजनकाट्याच्या पावत्या, बॅच कार्ड, शिफ्टचे लॉगबुक, टाक्यांची डिप रीडिंग, विक्रीची बिले, सांडपाण्याची नोंद. अमुक टन कच्चा माल आला, उत्पादनाचे प्रमाण इतके टक्के, तर पक्का माल इतका निघायला हवा. निघाला किती, विकला किती, शिल्लक किती? आकडे जुळले नाहीत की कारण विचारले जाते. बहुतेक वेळा कारण साधे असते: टाकीचे शून्य चुकले होते, किंवा लेखा विभागाने मार्च अखेर धरली आणि करार जानेवारी ते डिसेंबर धरतो. अहवालांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुका याच जातीच्या. चुकीचा पत्ता दिलेला, दोन प्लांट एक म्हणून दाखवलेले, जाहीर करायची गरजच नसताना जाहीर केलेले. २४ तासांत काम संपवायचे असते. दुसऱ्या अनुसूचीत ९६ तास मिळतात. शेवटी प्राथमिक निष्कर्षांच्या कागदावर दोन्ही बाजू सह्या करतात.

धंद्याची गुपिते हा नाजूक भाग. स्पर्धकाच्या देशातला रसायनतज्ज्ञ निरीक्षक म्हणून आत येऊ शकतो, ही उद्योगाची धास्ती करार लिहिणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली. म्हणून पाहू द्यायचे पण सगळे नाही, अशी व्यवस्था आहे. एखादे नियंत्रण पॅनेल कापडाने झाकता येते, एखादा आकडा टक्क्यांत सांगता येतो, मात्र शंका दुसऱ्या मार्गाने फेडावी लागते. नमुन्यांबाबतची युक्ती तर कौतुकास्पद आहे. निरीक्षक सोबत आणलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर नमुना तपासतात, पण यंत्राचे सॉफ्टवेअर ‘आंधळे’ केलेले असते. नमुन्यातले जे संयुग संघटनेच्या यादीशी जुळेल तेवढेच पडद्यावर दिसते. बाकी रेणू कितीही नवे, कितीही महागडे असोत, ते निरीक्षकाला कळतच नाहीत.

वाद उरला तर नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांत जातात, एकाच वेळी किमान दोन, आणि त्या संघटनेने नेमलेल्याच हव्यात. भारतातली अशी एक ग्वाल्हेरला आहे: संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना. तिचे मूळ मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून ती वाढली. पुढे संरक्षण खात्याकडे आली आणि १९७३ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. नेमणूक टिकवणे सोपे नसते. दरवर्षी परीक्षा होते, जगभरच्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवतात आणि त्यात सूक्ष्म प्रमाणात काय मिसळले आहे ते ठरलेल्या मुदतीत ओळखायचे असते. न मिसळलेले रसायन सापडल्याचे कळवले तर थेट नापास. निर्दोष देशावर खोटा आळ येण्याइतकी घातक चूक या व्यवसायात दुसरी नाही.

कारखान्याचे दार बंद झाल्यावर हिशेबाची दुसरी बाजू उघडते, ती आयात-निर्यातीची. रसायन विकणारा देश आणि घेणारा देश दोघेही हेगला आकडे पाठवतात. बीड जिल्ह्यातला शेतकरी काटामारीच्या संशयाने उसाची गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मग कारखान्याच्या काट्यावर लावतो, तसलाच हा दुहेरी तोल आहे. फरक इतकाच की हेगमध्ये दोन्ही काटे दरवर्षी जुळत नाहीत आणि बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. एक देश मिश्रणातले शुद्ध रसायन मोजतो, दुसरा अख्खे पिंप. एकाने डिसेंबरात जहाज सोडले, दुसऱ्याने ते जानेवारीत उतरवले. भारतात अशा रसायनांच्या निर्यातीला परवान्याची स्वतंत्र यादी आहे आणि करारात नसलेल्या देशाला दुसऱ्या अनुसूचीतला माल २००० सालापासून विकताच येत नाही. त्याआधी, ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला, पश्चिम आशियात गेलेल्या भारतीय मालाबद्दल बरेच अप्रिय प्रश्न विचारले गेले होते.

करारात आणखी एक हत्यार आहे, आव्हान तपासणीचे. एका देशाला दुसऱ्यावर संशय आला तर तो कोणत्याही जागेची तपासणी मागू शकतो, ती जागा जाहीर असो वा नसो, आणि सूचना अवघी १२ तासांची. तपासणी रोखायची तर कार्यकारी मंडळात तीन चतुर्थांश मते लागतात. हे कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. भारत-पाकिस्ताननेही एकमेकांविरुद्ध नाही. ते न वापरले जाण्यातच त्याची ताकद आहे असे मुत्सद्दी म्हणतात. ते वापरायची हिंमत कोणालाच नाही, असे म्हणणेही तितकेच खरे ठरेल.

बीड जिल्ह्यात रासायनिक वसाहत म्हणावी अशी काही नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र, जिनिंग, आणि साखर कारखाने, एवढाच मोठा उद्योग. तरीही करारातला एक न सुटलेला वाद याच कारखान्यांच्या डिस्टिलरींशी येऊन थांबतो. इथेनॉल हे सेंद्रिय रसायन आहे आणि चौथ्या गटाची मर्यादा आहे वर्षाला २०० टन. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी बेताची डिस्टिलरीही सुमारे नऊ दिवसांत ती ओलांडते. मग तिने हेगला जाहीरनामा द्यायचा का? करारात म्हटले आहे ‘संश्लेषणाने तयार केलेले’. मळी पातळ करून तिच्यात यीस्ट सोडले, ते टाकीत दीड-दोन दिवस फसफसले, त्या वॉशमधून स्तंभात अल्कोहोल उडवले, हे संश्लेषण की नाही? रेणू यीस्टने बनवला, माणसाने नाही. बहुतेक देशांनी सोयीचा अर्थ घेऊन अशा डिस्टिलरी वगळल्या. नाही तर बीडच्या मळीपासून छत्रपती संभाजीनगरच्या बिअरपर्यंत आणि स्कॉटलंडच्या व्हिस्कीपर्यंत सगळेच यादीत आले असते.

संघटनेच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाला हे फारसे पटलेले नाही. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र एकमेकांत मिसळत चालल्याचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या गटाने २०१४ मध्ये अहवाल दिला. रसायन तयार व्हावे म्हणून आखलेली कोणतीही प्रक्रिया, जंतूंनी केलेली असली तरी, संश्लेषणच समजावी अशी त्यांची शिफारस होती. त्यांचा डोळा दारूवर नव्हता. आज ज्या टाकीत यीस्ट अल्कोहोल बनवते, त्याच धर्तीच्या टाकीत बदललेले जंतू उद्या एखादे विष बनवू शकतील, ही चिंता होती. विष जिवंत पेशीतून येण्याचे उदाहरण करारात आधीपासून आहे: पहिल्या अनुसूचीतले रायसिन, जे एरंडीच्या बीमध्ये असते. तेल काढल्यावर ते पेंडीत उरते. म्हणून ही पेंड गुरांना घालत नाहीत, खत म्हणून शेतात टाकतात. एरंडेल काढणाऱ्या घाण्यांना या अनुसूचीच्या नोंदणीतून सूट आहे, हे देशांनी पुढे स्पष्ट करून टाकले. डिस्टिलरींबाबत तसे एकमत झालेले नाही.

व्यवहारात बीडच्या डिस्टिलरीला तपासणीचे नावीन्य नाही. निजामाच्या राज्यात आबकारी हा सरकारी उत्पन्नाचा मोठा झरा होता आणि तेव्हापासून दारूच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवण्याची इथे सवय आहे. आज राज्य उत्पादन शुल्क विभागाचा अधिकारी डिस्टिलरीच्या आवारातच बसतो. मळीच्या टाकीची पातळी, वाहतुकीचे परवाने, फर्मेंटरची नोंद, स्पिरिटची तीव्रता आणि गोदामाचे सील त्याच्या रजिस्टरात असते. तूट ठरावीक टक्क्यांपलीकडे गेली की लेखी खुलासा मागितला जातो. हेगच्या निरीक्षकाला हवी असलेली जवळजवळ सगळी माहिती त्या रजिस्टरांत आधीच आहे, फक्त ती कर वसूल करण्यासाठी लिहिलेली आहे. सदस्य देशांनी शिफारस मान्य केली तर बीडच्या कारखान्यांना नवी मोजणी करावी लागणार नाही, लिटरांचे टन करून आकडा दिल्लीला पाठवावा लागेल. तोवर या डिस्टिलरी मुंबईच्या उत्पादन शुल्क आयुक्तांना उत्तरदायी आहेत, हेगला नाहीत.